धाकटीला सांगितलेले शेवट

धाकटी बहीण राहायला आली तर थोरल्याचा फायदाच फायदा होता. चहाला सोबत, वाद घालायला हक्काचं माणूस, आणि छातीत कळ आलीच तर फोन करायला कुणीतरी. धाकटीला यातून काय मिळणार, हे मात्र त्याने मोजायचं टाळलं होतं. बायको गेल्यापासून बंद असलेल्या मागच्या खोलीतलं पुस्तकांचं कपाट तो तासभर मोठ्या उत्साहाने रिकामं करत होता. धाकटीचा पलंग कपाटाच्या जागीच बसणार होता.

धाकटी सतरंजीवर बसून गठ्ठ्यांना सुतळी बांधत होती. रुग्णालयाच्या नोंदी सांभाळण्यात तिची सदतीस वर्षं गेली होती. गाठ मारावी तर तिनेच. येण्याबद्दल तिने अजून हो म्हटलं नव्हतं.

"एवढी सगळी देऊन टाकायची?"

"मला पाठ आहेत."

"मला निम्मी," ती हसली.

लहानपणी वाचनालयाचं कार्ड घरात एकच होतं, आणि पुस्तक सात दिवसांसाठी मिळायचं. मोठा म्हणून पहिले पाच दिवस थोरल्याचे, उरलेले दोन धाकटीचे. तेवढ्यात तिचं जेमतेम अर्धं व्हायचं. परत करायला दोघं चालत निघाली की राहिलेला भाग थोरला वाटेत सांगायचा.

सुरुवातीला खरा सांगायचा. बर्फात अडकलेला कुत्रा मरतो हे ऐकून धाकटी दोन दिवस रडली, आणि पुस्तकांनी पोरांची डोकी फिरतात म्हणत वडिलांनी कार्ड महिनाभर कुलपात ठेवलं. वाचायला काही नसलेल्या त्या महिन्यात थोरला शहाणा झाला. पुढे त्याच्या तोंडून कुणीच मेलं नाही. खाणीत गाडली गेलेली मुलं बोगदा खणून बाहेर आली, बुडालेले खलाशी फळकुटाला धरून किनाऱ्याला लागले. कार्ड पुन्हा कधी कुलपात गेलं नाही. सवय मात्र दोघांचीही सुटली नाही.

"ही ती विणकरणीची कादंबरी ना?" धाकटीने कव्हरवरची धूळ तळहाताने पुसली. "एकोणीस वर्षांची होते मी. तू सांगितलंस, तिचा प्रियकर शेवटी परत येतो. केस पिकलेले, पण येतो."

थोरल्याचा हात कपाटातच राहिला.

त्याच वर्षी जहाजावरचा एक मेकॅनिक धाकटीला 'येतो' म्हणून गेला होता. तिने नऊ वर्षं वाट पाहिली आणि तीन चांगली स्थळं परत पाठवली. घरचे कानीकपाळी ओरडले की म्हणायची, "उशीर होतो. पण येतात." थोरल्याला ते वाक्य ओळखीचं वाटायचं. त्यानेच बनवलं होतं ते.

"मग एकदा ऑफिसात कुणाच्या तरी टेबलावर ही दिसली. जेवणाच्या सुट्टीत शेवटचं प्रकरण वाचून काढलं." तिने सुतळी बोटाला गुंडाळली. "तिकडेच लग्न करतो रे तो. साधं पत्रही लिहीत नाही मेला."

"कधी बोलली नाहीस."

"काय बोलू? बाकीचीही वाचली मग. तुझा तो कुत्राच तेवढा प्रामाणिक. खरोखर मेला."

"चिडली नाहीस?"

"चिडले की! वर्षभर धड बोलत नव्हते तुझ्याशी. तुला वाटलं, वहिनीशी बिनसलंय माझं." ती थांबली. "मग वाटलं, एवढासा पोरगा, बहीण रडू नये म्हणून दर आठवड्याला नवा शेवट रचतो. कोण करतं एवढं कुणासाठी?" तिने वर पाहिलं. "त्यासाठीच ना रे?"

थोरल्याने तोंड उघडलं. कार्ड, कुलूप, तो कोरडा महिना, सगळं जिभेवर आलं होतं. धाकटीच्या मागे कपाट रिकामं झालं होतं; ते हललं की पलंगापुरती भिंत मोकळी होणार होती.

"हो," तो म्हणाला. "तुझं रडणं बघवायचं नाही मला."

धाकटीने गाठ मारली, ओढून बघितली.

"मग सोडते माझी खोली. बावीस वर्षं झाली तिथे, सकाळचं ऊन थेट टेबलावर येतं. पण सोडते."

तिच्याकडे न बघता थोरल्याने गठ्ठा उचलला आणि दाराबाहेर नेऊन ठेवला. त्याचं याही वेळी काही गेलं नाही. नऊ वर्षं धाकटीची गेली होती; आता खोलीही तिचीच गेली.