सातवा मणका

जेनाबा वानने ओल्या फडक्याने टेबलावरची रेती पुसली, फडके बादलीत पिळले आणि पुन्हा एकदा पुसले. फातिक गावात कोरडा वारा सुरू झाला, की बंद खिडकीतूनही रेती आत येई. एक्स-रेचे यंत्र गरम व्हायला वीस मिनिटे लागत. तेवढ्यात ती शिशाचे एप्रन खुंटीवर अडकवी, रजिस्टरात तारीख टाकी आणि मिरी घातलेली कॉफी उभ्यानेच पिऊन घेई. एकवीस वर्षे हाच क्रम होता. अलीकडे मात्र कॉफी संपेपर्यंतच तिचे पाय भरून येत.

आठ वाजायच्या आत पहिला रुग्ण आला. म्बानिक दियुफ हा गावाचा मल्ल. रविवारी त्याची वर्षातली सर्वांत मोठी कुस्ती होती. मागोमाग त्याचा मामा वाली न्गोम आला. लहानपणापासून त्यानेच भाच्याला घडवले होते. दोघांसोबत आलेले ढोलवाले बाहेर अंगणात थांबले.

"अरे देवा, यंत्रापाशी तुकुलोर बाई!" वाली दारातूनच म्हणाला. "अगं, आधी पोटभर भात तरी खाल्लास का? नाहीतर याचाच हात चावशील."

"सेरेर गुलामांनी पायताणं बाहेर काढून यायचं असतं," जेनाबा म्हणाली. "मालकिणीचं घर आहे हे."

वाली खूश झाला. सेरेर आणि तुकुलोर या दोन जमातींची माणसे भेटली, की थट्टेने एकमेकांना टोमणे मारणारच. न मारणे हाच अपमान.

म्बानिक हसला नाही. मंगळवारी सरावात तो मानेवर पडला होता.

"जरा आखडलीय, एवढंच," वाली म्हणाला. "डॉक्टरांचा शिक्का मिळाल्याशिवाय मैदानात उतरू देत नाहीत, म्हणून आलो."

म्बानिकने डावा हात उजव्या हातात धरून ठेवला होता. जेनाबाने ते पाहिले.

"बोटांना मुंग्या येतात?"

त्याने मामाकडे पाहिले. "सकाळी येतात."

"आणि दुपारी?"

"दुपारी पण."

"मला नाही बोललास ते," वाली म्हणाला.

"बोललो असतो, तर तू मला दवाखान्यात आणलं असतंस."

"मग आत्ता काय बाजारात आलायस?"

जेनाबाने म्बानिकला सावकाश आडवे केले आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या. दंडावरचे, कमरेचे सगळे ताईत त्याने आधीच काढून ठेवले होते. एकच उरला होता: मानेच्या तळाशी घट्ट बसलेला, चामड्यात तांब्याचा पत्रा शिवलेला. तो या कुस्तीसाठी वालीने बांधला होता. ज्याने बांधला त्यानेच तो सोडायचा, आणि तोही कुस्ती झाल्यावर. आधी सुटला, तर मल्ल मैदानात उतरत नाही.

"तो राहू दे," वाली म्हणाला. जेनाबाने तो तसाच ठेवून बाजूचा फोटो काढला.

पडद्यावर मणके एकाखाली एक उमटले. तिने बोटाने मोजले. सहा मणके सरळ, स्वच्छ होते. त्याखाली ताईताच्या पत्र्याचा पांढरा चौकोन होता, आणि चौकोनाभोवती मल्लाच्या रुंद खांद्याची दाट सावली.

हाच फोटो पुढे पाठवला असता, तरी चालले असते. डॉक्टर घाईत असत. ते सहा मणके पाहून शिक्का मारतील, हे तिला ठाऊक होते. बाहेर अकरा माणसे बाकावर बसली होती. ती क्षणभर खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"मानेत सात मणके असतात," ती म्हणाली. "इथं सहाच दिसतायत."

"सहा ठीक आहेत ना?"

"आहेत."

"मग सातवा काय सावत्र आहे?" वाली हसला. "का तुकुलोरांना सहाच्या पुढं मोजताच येत नाही?"

जेनाबा काहीच बोलली नाही.

वाली उत्तराची वाट पाहत राहिला. "येत नाही ना मोजता?" त्याने पुन्हा विचारले, या वेळी आवाज खाली गेला होता. ती पडद्याकडेच पाहत होती. तुकुलोराला टोमणा मारावा आणि उत्तर मिळू नये, असे त्याच्या आयुष्यात कधी झाले नव्हते. त्याच्या तोंडावरचे हसू हळूहळू ओसरले.

"ताईत सोडला, तर?"

"तर दुसरा फोटो काढते. एक हात डोक्याकडे वर घेतला, की खांदा बाजूला होतो आणि खालचं दिसतं."

"आणि त्यात काही निघालं नाही, तर?"

"तर चांगलंच."

"पण कुस्ती गेलेली असेल."

"हो. ती गेलेली असेल."

अंगणात कुणीतरी ढोलावर थाप टाकून ताण पाहत होते. वालीने डोक्यावरची टोपी काढली आणि टेबलापाशी गुडघे टेकले.

"मामा," म्बानिक छताकडे पाहत म्हणाला, "अजून तर काही दिसलेलंच नाही."

"हलू नकोस."

घामाने गाठ कडक झाली होती. बोटांनी ती सुटेना. ओढली असती, तर मान हलली असती. वाली खाली वाकला आणि त्याने गाठीला दात लावले. दातांनी तो ती हळूहळू उकलत राहिला. मग वादी सैल पडली.

ताईत जमिनीवर ठेवून तो उठला. भाच्याचा डावा हात त्याने मनगटाशी धरला आणि जेनाबाने दाखवले तसा, अगदी सावकाश, वर नेला.