पितृपक्षातला विमा

दिनकररावांनी गाडी सुरू केली, आरसा नीट केला आणि फाटकात उभ्या असलेल्या वसुधावहिनींकडे बघून हात हलवला, तेवढ्यात मोबाइल वाजला. मोबाइल गाडीच्या स्पीकरला जोडलेला होता. त्यामुळे विमा एजंट रस्तोगींचा आवाज आकाशवाणी व्हावी तसा थेट डॅशबोर्डातून आला.

"सर, आपकी पॉलिसी तो परसों खतम हो गयी."

"मालूम है," दिनकरराव म्हणाले. "अभी पितृपक्ष चल रहा है. नयी पॉलिसी घटस्थापना को लेंगे. नब्बे दिन तो मिलते ही हैं."

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचावा तसं रस्तोगींनी एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

"सर, नब्बे दिन नो-क्लेम बोनस के लिए हैं. आपका जो पचास परसेंट छूटता है, वो नब्बे दिन बचा रहेगा. बीमा नहीं. बीमा तो परसों आधी रात को ही चला गया. अब गाड़ी से किसी को कुछ हो गया, तो आप जानें और कचहरी जाने." मग काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी विचारलं, "गाड़ी घर पे खड़ी है ना?"

दिनकररावांनी काचेतून समोर पाहिलं. समोर लखनऊच्या चिनहटचा बाजार होता. एक सांड रस्त्याच्या मधोमध उभा राहून कोबीचा पाला खात होता.

"घर पे ही है," ते म्हणाले.

शेजारी बसलेल्या हेमाताईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"बढ़िया. तो चार बजे कंपनी का आदमी आयेगा. पॉलिसी टूट गयी है, तो अब गाड़ी देखे बिना नहीं देंगे. फोटो खींचेगा, बस. साढ़े चार के बाद सिस्टम बंद, फिर सीधा सोमवार. और सर, कोई नया डेंट ना हो."

फोन बंद झाला. सांडाने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

आता दिनकरराव म्हणजे काही भित्रा माणूस नव्हे. सांगलीहून लखनऊला आले, मानक नगरातल्या रेल्वेच्या संशोधन संस्थेत उभा जन्म काढला, आणि निवृत्तीनंतर इंदिरा नगरात घर बांधलं. काम कसलं, तर आगगाड्यांचे ब्रेक. भरलेली मालगाडी ब्रेक लावल्यावर किती अंतर जाऊन थांबते, हे या माणसाइतकं अचूक सांगणारा दुसरा कोणी नव्हता. स्वतःची गाडी चालवताना मात्र ते ही विद्या ऑफिसातच ठेवून यायचे. मानक नगरात असं सांगत की, दिनकररावांची गाडी गल्लीतून गेली की दोरीवरचे कपडे न पिळता वाळतात. एकदा म्हणे त्यांच्या हॉर्नने एका म्हशीने दूध चोरलं, ते होळीपर्यंत दिलं नाही. यातलं निम्मं खोटं आहे. म्हैस दिवाळीलाच पान्हावली होती.

विम्याच्या कागदावर मात्र हा माणूस संत होता. एकदाही क्लेम नाही. बंपर, आरसा, शेजाऱ्याचं फाटक, जे काही मोडलं ते गॅरेजवाल्याकडे गुपचूप भागवलं, कारण एक क्लेम केला की सगळी सूट शून्यावर येते. आज वसुधावहिनींकडे, त्यांच्या नवऱ्याच्या, धनंजयच्या श्राद्धाच्या पंगतीतही, खिरीची वाटी हातात धरून, त्यांनी शेजारच्या पाहुण्याला सगळं समजावून सांगितलं होतं. इंजिन मोठं तर हप्ता मोठा, शहर मोठं तर हप्ता मोठा, गाडी म्हातारी झाली की तिची किंमत उतरते आणि हप्ताही उतरतो. "पण माणूस चालवतो कसा, ते बघायचं तर बोनस बघायचा," ते म्हणाले होते. "आपला पन्नास टक्के. याच्या वर नसतोच."

"तुमचा बोनस त्या गॅरेजवाल्याला विचारा," हेमाताई पलीकडच्या पंगतीतून म्हणाल्या होत्या, आणि वसुधावहिनी त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या होत्या.

"अहो," आता हेमाताई म्हणाल्या, "गाडी इथेच राहू दे. वहिनींच्या दारात. आपण रिक्षानं जाऊ."

"आणि चार वाजता त्या माणसाला काय दाखवू? तुळशीची कुंडी?"

"खरं सांगायचं होतं मग."

"सुचलं नाही."

"पितृपक्षात विमा काढायचा नाही, हे बरं सुचलं. माझी पैठणी दसऱ्याच्या मुहूर्तावर घ्यायची होती तेव्हा म्हणालात, मी असलं काही मानत नाही."

दिनकररावांनी तळहात विजारीला पुसले, पहिला गिअर टाकला आणि गाडी अशी हलवली, जशी एखाद्याने झोपलेल्या बाळाची पाळणादोरी हातात घ्यावी.

फैजाबाद रोड त्यांना आपल्या दिवाणखान्याइतका पाठ होता. आज तो दुसऱ्याच कोणाचा तरी होता. प्रत्येक ई-रिक्षा आपल्याच दारात घुसायला निघालीय असं वाटत होतं. डाव्या अंगाला स्कूटर, तिच्यावर नवरा, बायको, दोन मुलं आणि एक बकरी. त्या बकरीचे डोळे थेट त्यांच्यावर. या बकरीला धक्का लागला तरी, त्यांच्या मनात आलं, हिचे सात पिढ्यांचे नातेवाईक कोर्टात उभे राहतील. मग माणसं दिसू लागली. केळीवाला. काठी टेकत रस्ता ओलांडणारे एक मियाँजी. मोबाइलमध्ये डोकं घालून चाललेली कॉलेजची पोरगी. एवढी माणसं या रस्त्यावर कधीपासून होती? आणि सगळी इतकी मऊ?

मागून हॉर्न सुरू झाले. एक टेंपोवाला बरोबरीला आला, वाकून काचेतून आत बघू लागला.

"चचा, आज ही पहुंचना है कि दिवाली तक?"

"आप निकलिए, भैया," दिनकरराव म्हणाले.

टेंपोवाल्याला आणखी काही बोलायचं होतं, पण या उत्तराने त्याचा रसभंग झाला असावा. तो निघून गेला.

"तुम्ही कोणाला तरी 'निकलिए' म्हणालात," हेमाताई म्हणाल्या.

"बोलू नकोस. लक्ष विचलित होतं."

हेमाताईंनी मान मागे टेकली. कमता चौराह्यावर पोलीस उभा होता. त्याने हात केला तर? कागद मागितले तर? पोलिसाने हात केला, पण तो नाक पुसायला. तरीही चौराहा ओलांडेपर्यंत दिनकररावांनी श्वास घेतला नाही. रेल्वेच्या भाषेत सांगायचं तर मालगाडी यार्डातून जाते त्या वेगाने ते चालले होते, आणि तोही त्यांना जास्त वाटत होता. घर डोळ्यांपुढे येत होतं. पेन्शन डोळ्यांपुढे येत होती. कोणाचा तरी पाय डोळ्यांपुढे येत होता, आणि पाय आला की घर आणि पेन्शन दोन्ही मागे पडत होती, हे त्यांना नवीन होतं.

पॉलिटेक्निकच्या अलीकडे, उभ्या बसच्या पुढून, उलट्या बाजूने एक सायकल आली. चालवणारा माणूस मागे वळून कोणाशी तरी बोलत होता. दांडीवर एक लहान मुलगी बसली होती, लाल फ्रॉक घातलेली.

गाडी थांबली.

ब्रेक कधी दाबला ते दिनकररावांना कळलंच नाही. सायकलचं चाक आणि बंपर यांच्यात पोळपाट मावेल एवढी जागा होती. मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. ना घाबरली, ना हसली. एखाद्या घराच्या खिडकीकडे बघावं तसं तिने काचेतून पाहिलं. सायकलवाल्याला तर काही झाल्याचंही कळलं नाही. बोलणं पुरं करून तो गेला.

त्यानंतर डोक्यात जे सुरू झालं ते त्यांना थांबवता येईना. उभ्या जन्माचं काम होतं ते. वेग, वजन, रस्ता कोरडा, चाकं अमुक झिजलेली. रोजच्या वेगाने आलो असतो तर गाडी कुठे थांबली असती, ते उत्तर त्यांना आपोआप मिळालं. त्या जागी आता एक कुत्रं अंग चाटत बसलं होतं. ती जागा बरीच पुढे होती.

आणि विमा असता तर? तरी त्या वेगाची गाडी कुत्र्याच्या अलीकडे थांबली नसती.

"बघितलंस?" ते म्हणाले. "हेमा, बघितलंस ना?"

उत्तर आलं नाही.

त्यांनी वळून पाहिलं. हेमाताईंची मान खिडकीकडे कलली होती. तोंड किंचित उघडं होतं. मागचे हॉर्न, पोलीस, रस्तोगी, सगळं एका क्षणात कुठल्या कुठे गेलं. त्यांनी हात तिच्या नाकापुढे धरला. काहीच जाणवेना. मग जाणवलं. गरम, संथ. आणि वर एक बारीक घोरणं, पातेल्यात दूध तापायला लागावं तसं.

झोपली होती.

हेमाताई गाडीत झोपत नसत. सांगलीचा दोन दिवसांचा प्रवास असो, नैनितालचा घाट असो, रात्र असो, ताप असो, त्या शेजारी ताठ बसलेल्या. दिनकररावांना याचं केवढं कौतुक. चार माणसांत सांगत, बायको असावी तर अशी, माझ्यासाठी डोळ्याला डोळा लावत नाही, खरी सोबत. हेमाताई त्यावर कधी काही बोलल्या नव्हत्या.

त्यांचा उजवा हात मांडीवर पडला होता. तळवा वर, बोटं सैल सुटलेली. हा हात दिनकररावांनी स्वयंपाकघरात पाहिला होता, देवघरात पाहिला होता. गाडीत तो असा उघडा कधी पाहिला नव्हता. गाडीत तो नेहमी कशाला तरी धरून असे.

मागचा ट्रकवाला आता आईवरून बोलू लागला होता. दिनकररावांनी हळूच गिअर टाकला.

इंदिरा नगरातल्या त्यांच्या फाटकापाशी एक माणूस मोटरसायकलला टेकून उभा होता. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल. गाडी रस्त्यावरून आलेली बघून त्याने भुवया वर केल्या, पण तो सभ्य घरचा असावा. त्याने फक्त मोबाइलवर वेळ पाहिली. दिनकररावांनी काच खाली केली.

"चार से खड़ा हूं, सर. चार बीस हो गये. जल्दी से बोनट खोल दीजिए, चेसिस नंबर लेना है. फिर मीटर का फोटो, हॉर्न एक बार बजा दीजिएगा."

दिनकररावांचा हात बॉनेटच्या खटक्याकडे गेला. या गाडीचं बॉनेट जुनं होतं. उघडताना किरकिरायचं, आणि मिटायचं तर वरून दाणकन सोडावं लागे. गल्लीच्या टोकाचं कबूतर त्याने उडत असे.

त्यांनी हात मागे घेतला.

"मैडम सो रही हैं," ते हळू आवाजात म्हणाले.

त्या माणसाने वाकून आत पाहिलं. "जगा दीजिए ना सर. दो मिनट का काम है."

"नहीं."

"साढ़े चार पे सिस्टम बंद हो जायेगा. फिर सोमवार."

"सोमवार को आइए."

"सर, तब तक गाड़ी पे कुछ नहीं रहेगा. आप समझ रहे हैं ना? कुछ भी नहीं."

"समझ रहा हूं, भैया," दिनकरराव म्हणाले. "मोटरसायकिल ज़रा आगे ले जाके स्टार्ट कीजिएगा."

त्या माणसाने मोटरसायकल हाताने ढकलत नेली, थेट कोपऱ्यापर्यंत.

फाटक उघडायचं तर उतरावं लागलं असतं, दार लावावं लागलं असतं. दिनकरराव उतरले नाहीत. इंजिन बंद केलं तर एसी थांबेल, म्हणून त्यांनी इंजिनही चालू ठेवलं. समोर त्यांचंच घर होतं. दुपारच्या उन्हात जिना, बाल्कनी, वाळत घातलेला त्यांचाच टॉवेल.

हेमाताई जरा हलल्या. डोळे उघडले नाहीत.

"पोचलो का हो?"

"नाही अजून," दिनकरराव म्हणाले. "लांब आहे. झोप तू."