आईला बसवायचं चाक

“ऐका तात्या, हे काय बोलतंय ते ऐका,” म्हणत म्हस्कूनं जॅकवर चढवलेलं जीपचं पुढचं चाक हातानं गरकन फिरवलं. चाक घरघरलं. मग त्यानं ते वरखाली धरून हलवलं, तर हलत्या दातासारखं खुळखुळलं. इंदापूरच्या त्या गॅरेजात स्टुलावर चहा पीत बसलेल्या दत्तोबाच्या आईला, चंद्राबाईंनाही ते ऐकू गेलं, आणि चंद्राबाईंना हल्ली जरा कमीच ऐकू येई.

“बेअरिंग गेलं,” दत्तोबा म्हणाला.

“गेलं कसलं, तुमी घालवलं!” म्हस्कूनं चाकाच्या मधला हब उघडून आत बोट घातलं आणि बाहेर काढून त्याच्या नाकासमोर धरलं. ग्रीस पार पांढरं, ताकासारखं झालं होतं. “खरं सांगा, जीप कुठं धुता?”

आता काय सांगणार, कपाळ! पळसदेवच्या काठावरून मासळीचे क्रेट आणून उतरवले, की दत्तोबा जीप तशीच तापलेली उजनी धरणाच्या पाण्यात घालायचा आणि गवताच्या चोथ्यानं घासून काढायचा. लहानपणी त्यानं म्हशी अशाच धुतल्या होत्या. जीव लावायची दुसरी रीत त्याला ठाऊकच नव्हती. तापलेला हब गार पाण्यात गेला की पाणी आत ओढून घेतो, ही अडचण म्हशीच्या बाबतीत कधी आली नव्हती.

“जीप हाय ती तात्या, म्हस न्हाय,” म्हस्कू खो खो हसला. दत्तोबाही हसला, पण त्याचं लक्ष आभाळाकडं होतं.

त्याला कारण होतं. यंदा धरणाचं पाणी फार खाली गेलं होतं. बुडालेल्या जुन्या पळसदेवचं देऊळ उघडं पडलं होतं, भोवतीची घरांची जोतीही दिसू लागली होती. आणि गेल्या आठवड्यात भाकरी थापता थापता चंद्राबाई एकदम म्हणाल्या होत्या, “दत्ता, मला एकदा घरी ने रं.”

आईनं जन्मात कधी काही मागितलं नव्हतं. दत्तोबानं हातातला घास ताटात परत ठेवला. पाणी आलं तेव्हा तो चौथीत होता. तेव्हापासून चंद्राबाई नव्या गावात, पाण्याच्या काठालाच राहिल्या, पण होडीत कधी पाय ठेवला नाही. “ज्या पाण्यानं घर गिळलं, त्याच्यावरनं म्या जायची न्हाय,” म्हणायच्या. आता पाणीच बाजूला सरलं होतं, तर गुडघे चालत नव्हते, आणि मोटारसायकलचं नाव काढलं तरी त्या पदर तोंडाला लावायच्या. भेगाळलेल्या गाळातून त्यांना नेणार ती ही जीपच. त्यात कालपासून ढग जमत होते. वळीव कोसळला की गाळाचा चिखल झाला म्हणायचा. मग थेट पुढचा उन्हाळा, आणि आईला पुढचा उन्हाळा मिळेलच असं कोण सांगणार? या विचारानं दत्तोबाची झोप उडाली होती.

म्हस्कूनं कपाटातून नव्या बेअरिंगचा एक खोका काढला. चकचकीत, लाल-निळा, सोनेरी अक्षरांचा. “हे हाय बघा तयार. तासाभरात मोकळे व्हाल.”

“टाक लगेच,” दत्तोबा म्हणाला.

“थांब रं बाळा,” स्टुलावरून आवाज आला. चंद्राबाईंनी कप खाली ठेवला. “म्हस्कू, तुझी आई हाय न्हवं?”

“हाय की आजी. खणखणीत हाय.”

“मग ह्या चाकावर तिला बसवून गाळात घालशील का?”

म्हस्कूनं खोक्याकडं पाहिलं, आजींकडं पाहिलं, मान खाजवली. “आईला... न्हाय बसवणार, आजी. हे नकली हाय, आपलं बाजाराला जाण्यापुरतं. चांगला जोड पायजे तर बारामतीला मिळंल, स्वप्नालीताईच्या दुकानात.”

“मग दिवस जाईल की!” दत्तोबा कळवळला. “आये, आभाळ बघ!”

“एवढी वर्सं थांबले, उद्यापातूर मरत न्हाय. जा तू.”

झालं! दत्तोबा जुनं बेअरिंग प्लास्टिकच्या पिशवीत बांधून एसटीनं बारामतीला गेला. स्वप्नालीनं जुन्यावरचा पुसट झालेला नंबर भिंगातून वाचून बरोबर तसंच पुढ्यात ठेवलं. चाकाच्या आतल्या बाजूचं, बाहेरच्या बाजूचं, दोन्ही, आणि वर पाणी अडवायला नवं सील. “खोक्यावर नाव कुणीबी छापतं, तात्या. तुमी लोखंडावरचा नंबर बघा. आणि आतला भाग एका खोक्यातला, बाहेरची कडी दुसऱ्यातली, असं कधी करायचं न्हाय.”

दत्तोबानं प्रत्येक बेअरिंग कानाशी धरून फिरवलं. एकाच्या रोलरवर त्याला बारीक चरा दिसला. ते परत केलं, दुसरं मागितलं. तेही उजेडात नेऊन पाहिलं.

“पोरगी बघायला आलाय का तात्या?” स्वप्नालीला हसू आवरेना.

“पोरगी पसंत न्हाय पडली तर माणूस चहा पिऊन घरी येतो. हे गाळात मोडलं तर आईला खांद्यावर आणावं लागंल, ताई.”

स्वप्नालीनं मग स्वतःच उठून तिसरा खोका फोडला.

संध्याकाळी म्हस्कूनंही जीव ओतला. नव्या कडीवर हातोडा पडू दिला नाही, जुनी कडी वर ठेवून तिच्यावरच ठोकलं. नट आवळला, पुन्हा किंचित सैल केला, चाक फिरवलं. आवाज नाही. “आता बसव तुझ्या आईला,” म्हणून दत्तोबानं त्याच्या पाठीत धपका घातला.

सकाळी आभाळ काळंभोर होतं, पण थेंब नव्हता. जीप गाळात उतरली आणि निमूट चालू लागली. मध्येच दत्तोबा थांबला, उतरला, हबवर तळहात टेकवून आला. हब गारच होता.

“चाकाला ताप बघतोस व्हय? चल की आता!” चंद्राबाई खेकसल्या. नवी साडी नेसल्या होत्या, आणि देवळाचं शिखर दिसल्यापासून त्यांच्या तोंडाचा पट्टा थांबला नव्हता. हितं आड होता, तितं शाळा, त्या वळणावर त्यांची वरात आली होती.

मग एकदम त्यांनी दत्तोबाच्या दंडावर हात ठेवला. “हितं थांबव.”

तिथं काय होतं? मातीत बुडालेलं जोतं, एक दगडी उंबरा आणि सगळीकडं शिंपल्यांचा चुरा. दत्तोबानं त्यांना हात देऊन उतरवलं. तो दोन पावलं पुढं झाला, उंबरा ओलांडून जोत्यावर चढला आणि आईला धरायला वळला.

चंद्राबाई उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या. वाकून, एका हातानं गुडघा धरून, त्या चपला काढत होत्या. चपला काढून त्यांनी दगडाच्या कडेला नीट जोडीनं ठेवल्या आणि मान वर केली.

“दत्त्या! घरात चपला घालून येतात व्हय रं?”

वर नुसतं आभाळ होतं, भिंत कुठं नव्हती. दत्तोबा उंबऱ्याबाहेर आला आणि त्यानं आपल्या चपला आईच्या चपलांशेजारी काढून ठेवल्या.