अभिनंदनाचा ठराव

दुष्काळात ऊस वाळला, कारखान्याचा भोंगा मुका झाला, गावची माणसं कोयते घेऊन परमुलखात गेली. पण चेअरमन भगवानरावांच्या बैठकीत ग्लास काही कोरडा पडला नाही. तिथला रिवाजच तसा. साहेबांनी ओतलेला ग्लास जो संचालक नाकारेल, तो विरोधी पॅनलला फितला असं धरायचं. त्यामुळे विहिरी आटल्या तरी निष्ठा तुडुंब होती.

मग साहेबांचे डोळे पिवळे पडले. साऱ्या तालुक्यात कुठं नसलेलं पाणी नेमकं त्यांच्या पोटात साठलं. सत्यभामाबाईंनी नवऱ्याला बीडला डॉक्टरांकडे नेलं.

"यकृतात पहारेकरी पेशी असतात," डॉक्टर म्हणाले. "दारूनं आतड्याची राखण ढिली पडते, जंतूंचा कचरा यकृतात शिरतो. पहारेकरी बोंब ठोकतात. ती ऐकून रक्तातल्या पांढऱ्या पेशी मदतीला धावतात आणि घरच्यांनाच झोडपतात. जखमांचे वण साचून यकृत दगड होत जातं. अजून वेळ आहे. थेंबही घेऊ नका."

"बंडखोर हायेत म्हना की," भगवानराव हसले. "द्या त्यास्नी एखादं महामंडळ."

"बंडखोर नाहीत, साहेब. बिचाऱ्या भल्यासाठीच येतात. तुम्ही बोलावणं बंद करा."

परतताना बाईंनी नवऱ्याकडून शपथ घेतली. ही बातमी कारखान्यात पोचली आणि संचालक मंडळानं तातडीची सभा घेतली. दारू सोडल्याबद्दल साहेबांचं अभिनंदन, सूचक बंकटराव, अनुमोदक धुळाजी, ठराव एकमतानं मंजूर.

संध्याकाळी ठराव घेऊन मंडळी दारात हजर झाली. बंकटरावांच्या बगलेत बाटली होती.

"वहिनी, अभिनंदन हाय, कोरडं कसं करायचं?"

"नुस्ता व्हटाला लावू द्या," धुळाजी म्हणाला. "न्हाई लावला तर लोकं म्हनतील, साहेबच फुटले."

बाईंनी दारात उभ्या घोळक्याकडे पाहिलं. सगळ्यांचे कपडे पांढरेशुभ्र. आल्या पांढऱ्या पेशी, त्या मनात म्हणाल्या, आणि चौकटीत आडव्या उभ्या राहिल्या.

"जावा तुमी. मानूस ऱ्हाऊ द्या माजा."

बंकटरावांचे डोळे खरंच भरून आले. "वहिनी, साहेबांच्या भल्यासाठीच आलोत आमी."

"कोन हाय गं?" आतून आवाज आला. "येऊ दे की. आपलीच मान्सं हायेत."

"आपलीच हायेत, म्हनून तर," बाई म्हणाल्या आणि त्यांनी धाडकन दार लावून कडी घातली. बऱ्याच दिवसांनी त्यांना हायसं वाटलं. बाहेरची कुजबूज हळूहळू भिंतीकडेनं लांब गेली.

त्या आत वळल्या तर खाट रिकामी. परसातलं दार सताड उघडं होतं. भिंतीला धरून भगवानराव तिथं उभे होते आणि एकेकाचं नाव घेऊन सगळ्यांना आत बोलावत होते.