गिरणीतला कडा

फौजेतून सुटून आलेला माणूस साधारणपणे म्हैस घेतो, नाहीतर एखाद्या बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो. राजरत्नानं भिंत काढली. चढायची भिंत. आणि तीही छपराखाली.

उंब्रजला हायवेच्या अलीकडे सयाजीअण्णांची शेंगतेलाची गिरणी होती. ती बंद पडून बरीच वर्षं झाली होती. यंत्रं विकली गेली होती. आत उरला होता उंच पत्रा, काळ्या दगडाच्या चार भिंती आणि तेलाचा खवट वास. राजरत्न पहिल्यांदा आत गेला आणि भिंतीकडे बघून त्याची बोटं आपोआप हलायला लागली. फौजेत त्याला डोंगर चढायच्या शाळेत धाडलं होतं. बाहेर बर्फ पडायला लागलं की तिथले उस्ताद जवानांना एका गोदामात नेत आणि भिंतीवर ठोकलेल्या ठोकळ्यांवरून चढायला लावत. राजरत्न त्या भिंतीच्या प्रेमातच पडला होता.

त्यानं शिडी लावली आणि वर गेला. आढ्याखाली एक झरोका होता. जळमटं काढून त्यानं डोकं बाहेर घातलं आणि तिथंच थबकला. खाली कृष्णा आणि तारळी एकमेकींत मिसळत होत्या, मधे उसाचे फड, पलीकडे कौलं, तालमीचा झेंडा, त्याच्या वस्तीतलं विहार, आणि हायवेवरून खेळण्यातल्यासारख्या गाड्या. जन्म ह्याच गावातला, पण गाव असं ताटात वाढून समोर ठेवल्यागत कधी दिसलं नव्हतं.

हे गावातल्या प्रत्येकानं बघायला पाहिजे, असं त्याच्या मनानं घेतलं. पण शिडीनं नाही. शिडीनं वर गेलेला माणूस नुसतं "हां" म्हणतो आणि उतरतो. हाताच्या बोटांनी कमवून बघितलं तरच ते डोळ्यांत राहतं. ही गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नाही. सांगितलं असतं तर लोकांनी शिडीच मागितली असती.

सयाजीअण्णांनी गिरणी दिली, पण अट घालून. अण्णा म्हणजे अंगानं भरलेला, आवाजानं त्याहून भरलेला माणूस. ते म्हणाले, "हे बघ राजरत्ना, खताचा व्यापारी गोदाम मागतोय. दसऱ्याच्या आदल्या ऐतवारी मी खुर्ची टाकून हितं बसणार. गावातलं एक तरी माणूस वर जाऊन घंटा वाजवू दे, गिरणी तुझी. न्हाई वाजली तर सोमवारी खत."

"मी वाजवून दावू का आत्ताच?" राजरत्न म्हणाला.

"तू वाजवशील रं! तू फौजी. तुझं काय नवल? गावातलं माणूस म्हणालो मी."

घंटा गिरणीचीच होती. पूर्वी जेवायच्या सुट्टीला वाजायची. राजरत्नानं ती झरोक्याशेजारी टांगली. अर्जुना गवंड्यानं तारळीतले गोटे आणून सिमेंटमध्ये बसवले, कुठं हाताला, कुठं पायाला. धुळ्यानं आपल्या टेम्पोचे उरलेले रंग दिले. धुळा हा राजरत्नाचा शाळेपासूनचा दोस्त. त्याचं घराणं आटपाडीकडचं मेंढपाळ. बाप इकडं येऊन राहिला, धुळ्यानं टेम्पो घेतला, पण त्याची आई धोंडुबाई अजून मेंढरांमागंच होती.

खाली अंथरायला गाद्या कुठून आणणार? तेव्हा धुळ्यानं तासगावला माल पोचवून येताना बेदाण्याच्या शेडमधली टाकून दिलेली जाळी आणली, खांबांना बांधून हौद केला आणि गिरणीमागं पडलेला शेंगांच्या फोलपटांचा ढीग त्यात लोटला. कमरेइतका. मग आढ्याला कप्पी, कप्पीतून दोर. एक टोक चढणाऱ्याच्या कमरेला, दुसरं धुळ्याच्या. निम्म्यापर्यंत दोर ढिला सोडायचा, कारण पडलं तरी फोलपटांत. त्याच्या वर मात्र ताणून धरायचा. धुळ्यानं स्वतःला जमिनीतल्या जुन्या कडीला बांधून घ्यायचं, ही राजरत्नाची कडक ताकीद.

पहिले काही दिवस माणसं यायची, मान वर करायची आणि हसायची.

"डोंगार काय कमी हायत व्हय रं, जे भिताड चढायचं?"

"डोंगरावर पाऊस हाय. हितं पत्रा हाय," धुळा सांगायचा.

"मग घरात पत्रा न्हाई का आमच्या?"

एके दिवशी धुळ्यालाच राग आला. "बघा, असं चढत्यात!" म्हणून तो चार हात वर गेला आणि त्याचा पाय सटकला. धप्प! फोलपटांचा ढग उठला. धुळा दिसेनासा झाला. मग फोलपटांतून त्याचं डोकं वर आलं. कानांत फोलपटं, मिशीत फोलपटं, आणि तोंडभर हसू.

"आयला!" धुळा म्हणाला. "लय भारी वाटतंय की!"

झालं. दुसऱ्या दिवसापासून गिरणीपुढं रांग. पण चढायला नव्हे, पडायला. ट्रकवाले गाड्या उभ्या करून येत, निम्म्यापर्यंत जात आणि हात सोडून देत. तालमीतले पैलवान जोडीजोडीनं पडत. बाया सांच्याला दार लावून घेऊन पडत. राजरत्नाची बायको आम्रपाली अंगणवाडीत शिकवायची, तीसुद्धा एकदा केसांत फोलपटं घेऊन घरी आली.

"तू पन?" राजरत्न म्हणाला.

"आवं, बाया बोलवाय लागल्या," ती म्हणाली, आणि भाकरी थापता थापता मधेच एकटीच हसली.

सगळा गाव पडत होता. वर कुणीच जात नव्हतं. आणि दसरा जवळ येत होता.

त्यातच धोंडुबाई मेंढरं घेऊन आली. मेंढरं नदीकाठी बसवून ती लेकाचा उद्योग बघायला गिरणीत शिरली. भिंतीच्या बरोबर मध्यावर एक मोठा, गोल, गुळगुळीत गोटा होता. वरच्या वाटेचं दारच ते. त्यावर पाय दिल्याशिवाय पुढचा दगड हाताला येत नव्हता. तो नजरेत भरावा म्हणून राजरत्नानं त्याला टेम्पोचा शेंदरी रंग दिला होता. धोंडुबाईनं तो बघितला. तिनं पायताण काढलं, हात जोडले, कनवटीची भंडाऱ्याची पिशवी सोडली आणि मूठभर हळद नेम धरून वर फेकली. ती बरोबर गोट्यावर बसली.

दुसऱ्या दिवशी गोट्यावर झेंडूचं फूल होतं. तिसऱ्या दिवशी हार.

राजरत्नानं आम्रपालीपुढं कपाळाला हात लावला. "आगं, रंग हाय त्यो! टेम्पोचा! मी सवता दिलाय!"

"मग खरवडून काढा," आम्रपाली म्हणाली. "आनि मग गावाला सांगा, आमच्या मालकानं तुमचा देव खरवडला म्हणून. चांगलं दिसंल."

ते चांगलं दिसलं नसतं, हे दोघांनाही माहीत होतं.

तो ऐतवार उजाडला. अण्णा आले, भिंतीसमोर खुर्ची टाकून बसले. सगळी गिरणी भरली होती. राजरत्नानं सगळ्यांना विनवलं, "आज पडू नका रं. आज फक्त चढा. एक जण तरी वर जा."

"जातो की!" तात्याबा पैलवान म्हणाला आणि निघाला. सरसर चढला. शेंदरी गोट्यापाशी पोचला. आता पोराठोरांसकट सगळ्यांनी श्वास रोखला. तात्याबानं देवाकडं बघितलं. सवयीनं दोन्ही हात जोडले.

धप्प!

"आरं, हात कशाला सोडलास?" राजरत्न ओरडला.

"देव आल्यावर काय करायचं मग?" फोलपटांतून आवाज आला.

दुसरा चढला. गोटा आला, हात जोडले, धप्प. तिसऱ्याला बजावून सांगितलं होतं, एकाच हातानं नमस्कार कर. त्यानं एक हात छातीला लावला, मग त्याला ते अपुरं वाटलं असावं, दुसराही लावला. धप्प. एक ट्रक ड्रायव्हर तर हायवेवर देऊळ लागल्यागत गोट्यापाशी पोचायच्या आधीच हात जोडून बसला. गावकरी हसून हसून जमिनीवर लोळायला लागले. अण्णांची खुर्ची करकरत होती. ते डोळे पुसत म्हणाले, "राजरत्ना, तुझ्या भिताडावर भक्ती लय हाय गड्या. पन घंटा काय वाजंना. सोमवारी खत."

राजरत्नाला हसूही येत होतं आणि सोमवारही दिसत होता. झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा खाली आला होता. कुणीही तिकडं बघत नव्हतं.

तेवढ्यात धोंडुबाई पुढं आली. तिनं नऊवारीचा काष्टा घट्ट मारला. "सरका रं. एकाला बी देवाच्या पाया पडाय येत न्हाई."

"आये, तू कुठं चाललीस?" धुळा घाबरला.

"दोर बांध. बडबडू नगंस."

आयुष्यभर बाभळीवर चढून मेंढरांना पाला तोडून घातलेले ते पाय. ती सावकाश गेली. गोट्यापाशी आली. हात तिनं सोडले नाहीत. मान पुढं करून कपाळ गोट्याला टेकवलं, कपाळाला भंडारा लागला. मग ती त्या गोट्याशी बोलायला लागली, आणि गिरणी एवढी शांत झाली की ते सगळ्यांना ऐकू आलं.

"देवा, जत्रंत बाप लेकराला खांद्यावर घेतो. लेकराचा पाय बापाला लागतोच. त्याचा राग येतो व्हय कुना बापाला? घे मला खांद्यावर."

आणि तिनं गोट्यावर पाय दिला. दुसरा दिला. भिंतीवर सरळ उभी राहिली. खाली नुसता गजर झाला. राजरत्न खालून ओरडला, "आये, आता उजवीकडचा निळा दगड धर! थोडंच ऱ्हायलंय!"

धोंडुबाईनं निळ्या दगडाकडं बघितलं. मग खाली फोलपटांकडं बघितलं. "न्हाई बाबा," ती म्हणाली. "चार दिवस झालं, सगळा गाव पडतोय, मला मेलीला कुनी पडूच देईना. धुळ्या, दोर ढिला सोड!"

"आये, थांब! आये!"

धप्प!

ती वर आली तेव्हा तिचा पदर फोलपटांनी भरला होता आणि ती लहान पोरीसारखी किंचाळत होती, "आजून येकदा!"

आता मात्र अण्णांना खुर्चीत बसवेना. ते उठले. "म्हातारी जाती आन आमी बगत बसायचं? बांधा रं मला दोर."

"आन्ना, तुमचं वजन—" राजरत्न म्हणाला.

"माजं वजन गावात हाय तेवढं असू दे. बांध!"

दोर बांधला. अण्णा घामाघूम होत, शिव्या देत, एकेका गोट्याच्या खानदानाची विचारपूस करत चढले. शेंदरी गोट्याला त्यांनी कपाळ टेकवलं, "म्हातारीला घेतलंस तसं मला बी घे, जरा जड हाय," असं सांगितलं आणि वर उभे राहिले. तिथून निळा दगड. मग पिवळा. घंटा वीतभर वर राहिली. अण्णांनी हात लांबवला. बोटं तिच्या खालच्या हवेला लागली.

"पुरंना!" अण्णा ओरडले. "माजा हात पुरंना! राजरत्ना, मी पडतोय बग!"

"पडू नका!"

"पडलो!"

आणि तेव्हा राजरत्नाला दिसलं की आईचं कौतुक करायच्या नादात धुळा कडी सोडून पुढं आला होता आणि परत बांधून घ्यायचं विसरला होता.

अण्णा खाली निघाले. धुळा वर निघाला. अगदी सरळ, पाय हवेत, तोंड उघडं. निम्म्यावर, शेंदरी गोट्यासमोर, दोघांची गाठ पडली.

"कुठं चाललास रं?" अण्णांनी विचारलं.

"तुमीच सांगा!" धुळा म्हणाला, आणि पुढं निघून गेला.

खाली धप्प झालं. त्याच क्षणी वर धुळ्याचं डोकं घंटेवर आदळलं.

टण्ण!

सारी गिरणी बेभान झाली. पैलवान नाचायला लागले. कुणी म्हणालं वाजली, कुणी म्हणालं अशी वाजलेली धरायची न्हाई, आम्रपाली म्हणाली धुळाभावजी गावातलेच न्हाईत व्हय? अण्णा फोलपटांत गळ्यापर्यंत बसले होते आणि हसताना त्यांच्या तोंडातून फोलपटं उडत होती. ते कमरेची गाठ चाचपायला लागले तसा सगळा गाव एका आवाजात ओरडला, "आन्ना, गाठ सोडू नका! धुळा पडंल!"

अण्णांनी हात वर केले. "न्हाई सोडत. राजरत्ना, इकडं ये. त्या खतवाल्याला निरोप धाड. जागा न्हाई म्हणावं."

"म्हंजे घंटा धरली?" राजरत्नानं विचारलं.

"ती धुळ्याची घंटा. मला माजी वाजवायची हाय. एवढी, एवढी ऱ्हायली गड्या!" त्यांनी वीत दाखवली. "पुढच्या ऐतवारी वाजवतो. वाजंस्तोवर गिरणीतला एक दगड हलवायचा न्हाई."

राजरत्नानं दोर धरला. त्याच्यामागं तात्याबा, त्याच्यामागं निम्मा गाव. धुळ्याला हळूहळू खाली घ्यायचं होतं. पण वरून आवाजच येईना. सगळे मान वर करून बघायला लागले. धुळा एका हातानं डोक्याचं टेंगूळ चोळत, दुसऱ्या हातानं झरोका धरून बाहेर बघत होता.

"धुळ्या? लागलं का रं?"

"राजा," धुळा वरून हळूच म्हणाला, "तू सांगितलं न्हाईस कवा. आरं, आपलं गाव दिसतंय. समदं. दोनी नद्या... आये, तुजी मेंढरं दिसत्यात गं! उसात शिरल्यात!"

"कुनाच्या उसात?" अण्णांनी फोलपटांतून विचारलं.

धुळ्यानं परत एकदा झरोक्यातून डोकावून बघितलं.

"तुमच्याच, आन्ना."

धोंडुबाई दाराकडं पळत सुटली, आणि पळता पळता मागं वळून ओरडली, "माजा नंबर धरून ठेवा रं!"