बारा क्लिक

नशरानं रायफल टेबलावर ठेवली आणि किशोरीकडे न बघता मागे सरली. तिला दहापैकी नऊ मिळाले होते.

करंजाड्याच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये नेमबाजीची निवड चालली होती. राज्याच्या संघात एकच जागा उरलेली, दोघींचे गुण सारखे, आणि फैसला आता एकेका गोळीवर. दहा लागले तर जागा किशोरीची. नाहीतर तिच्या बापानं, दिनानाथनं, सांगूनच ठेवलं होतं, हे बंदुकीचं खूळ आजपासून बंद.

क्लबात दोघींना मिळून रायफल एकच. पण दोघींची नजर सारखी थोडीच असणार? नेम धरायच्या मागच्या साइटची चकती किशोरीला नशरापेक्षा बारा क्लिक उजवीकडे लागायची. जिची गोळी झाली तिनं दुसरीसाठी चकती फिरवून द्यायची, हा दोघींचा ठरलेला रिवाज. चकतीवरचे आकडे तर कधीच घासून गेलेले, नुसतं बघून काही कळायचं नाही.

आज बाहेर डंपर खडी ओतत होता. नशरानं चकती फिरवली असेल तर तिची टकटक किशोरीला ऐकू आलीच नव्हती. विचारावं तर बोलायला बंदी, आणि सरावाची गोळीही नाही. मागच्या महिन्यात तिनं स्वतःच एकदा चकती मुद्दाम तशीच ठेवली होती आणि नशराच्या गोळ्या भरकटताना गुपचूप बघितल्या होत्या. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

"किशोरी, एक मिनिट राहिलं," निवड घेणारे कमळाकर सर म्हणाले.

तिनं ओठ मिटून बारा क्लिक उजवीकडे फिरवले. श्वास सोडला, चाप ओढला.

आठ. गोळी उजवीकडे गेली होती.

नशरानं चकती आधीच फिरवून दिली होती.

नशरा धावत आली. तिचाच चेहरा उतरला होता.

"अगं, मी फिरवले होते ना बारा? की घाईत विसरले? थांब, सरांना सांगते. माझी गलती आहे, तुला गोळी परत देतील."

सर वळून बघत होते. किशोरीनं नुसती होकारार्थी मान हलवली असती तरी भागलं असतं.

"नाय," ती म्हणाली. "तू फिरवलेलेस. मी परत फिरवले."

"का गं?"

किशोरीला तिच्याकडे बघवेना. तिनं रायफल उचलली आणि नशराला ऐकू जातील असे, एकेक करत, चोवीस क्लिक डावीकडे मोजत चकती परत तिच्या जागेवर आणून दिली.