शिवेचं ढेकूळ

भिवराबाईनं शिवेवरचं ढेकूळ डोक्यावर घेतलं आणि ती अनवाणी चालू लागली. मागून दोन्ही गावं निघाली.

मोजणीदार बीडहून साखळी आणि नकाशा घेऊन आला होता. पण शिवेजवळचा पाण्याचा पाझर कुणाच्या हद्दीत, यावर दोन्ही गावांनी त्याचं मोजमाप मानलं नाही. शेवटी पंच म्हणाले, वेसकर चालंल ती शीव. गावची वेस न् शीव राखणारा वेसकर सटवा प्लेगात गेलेला. मान घराचा, म्हणून त्याच्या बायकोनं चालायचं. ढेकूळ डोक्यावर असेपर्यंत बोलायचं नाही, थांबायचं नाही. आणि खोटी वाट धरली तर ते पोटच्या लेकरावर येतं, असं सगळेच मानत.

लेकरू सात महिन्यांचं. सासूच्या, मंजुळाबाईच्या कडेवर ते रडत होतं आणि इकडे भिवराबाईची चोळी ओली होत होती.

सकाळीच सुंदरराव पाटलांनी तिला समजावलं होतं, की पाझराच्या पलीकडून चाल. आपल्या गावची गुरं जगतील, अन् पाझराकाठचा तुझा इनामाचा तुकडाही राहील. खोटं नव्हतं ते. पण सटवाची भाकरी घेऊन ती पाच वर्षं याच शिवेनं आली होती. दगड न् दगड पायांना ठाऊक होता.

पाझर आला. ती अलीकडून वळली.

मागं कुणीतरी खाकरलं. टोकाच्या दगडापाशी तिनं ढेकूळ उतरवलं आणि लेकराला पदराखाली घेतलं. मोजणीदार तिच्या पावलांवरून रेघ ओढत आला. पाझर गेला, तुकडाही गेला.

"भरल्या ताटाला लाथ मारलीस, भिवरे," पाटील म्हणाले. त्या दिवसापासून तिला पाहिलं की ते मान फिरवत.

पल्याडच्या गावानं मात्र पाणी अडवलं नाही. इतकं खरं चालणारीच्या गावची गुरं तहानेली कशी ठेवायची, असं तिथले पंच म्हणाले म्हणे.

चैत्रात पाटलांचा धाकटा भाऊ बद्रीनाथ वेगळा निघाला. रान वाटायचं ठरलं आणि बांधावर अडलं. एका सकाळी पाटील स्वतःच तिच्या दारात उभे.

"बद्री अडून बसलाय. म्हणतो, भिवरा चालंल त्योच बांध."

"अन् तुमी?"

"मी बी त्येच म्हणलो."

"लेकरू पितंय. वाईच थांबा."

वेसकराच्या ओट्यावर पाटील बसल्याचं मंजुळाबाईनं जन्मात पाहिलं नव्हतं. घोंगडी आणायला ती लगबगीनं आत गेली, तोवर पाटील मातीवरच टेकले होते.